माईआत्याने सोडलेला बर्फ

आमच्या बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातल्या घरात उन्हाळा कॅलेंडर बघून येत नसे. अण्णा शिडी लावून माळ्यावरून आइस्क्रीमचा पॉट खाली उतरवायचे, तो उन्हाळ्याचा पहिला दिवस. पॉट म्हणजे एक जाडजूड लाकडी बादली, तिच्या आत उभा डबा, डब्यात लाकडी पंखा, आणि वर दात्यांचं चाक नि हँडल. वर्षभर माळ्यावर पडून बादलीच्या फळ्या सुकायच्या, त्यांच्यात बोट जाईल एवढ्या फटी पडायच्या. मग ती दोन दिवस हौदात बुडवून ठेवायची. लाकूड पाणी पिऊन फुगलं की फटी आपोआप बुजत. डब्याला आतून दरवर्षी कल्हई लागायची आणि त्यासाठी कल्हईवाले चाचा भाता घेऊन आमच्या ओट्यासमोर बसायचे. त्या दोन दिवसांत मी हौदाशी इतक्या खेपा घालायचे की आई म्हणायची, "बादली काय पळून जाते का?"

बर्फ सिंधीपुऱ्याच्या बाजूच्या कारखान्यातून यायचा. अण्णा कापसाच्या जिनिंगमधून सुटले की सायकलच्या कॅरिअरवर अर्धी लादी गोणपाटात गुंडाळून आणायचे. लादीला लाकडाचा भुसा चिकटलेला असायचा आणि सायकलमागे आमच्या दारापर्यंत पाण्याची बारीक रेघ उमटलेली असायची. मग तेच गोणपाट अंगणात आपटायचं, वर धुण्याच्या धोपाटण्याने चार तडाखे द्यायचे, आणि तुकडे बादलीत भरून त्यावर मूठमूठ खडेमीठ टाकायचं. सुरुवातीला हँडल फिरताना नुसतं खळखळ वाजायचं. थोड्या वेळाने आवाज जड व्हायचा, खरखर व्हायची, आणि शेवटी डब्यातून असा काही घट्ट कण्हल्यासारखा आवाज यायचा, की हँडलवर बसलेली माणसं एकमेकांकडे बघायची.

हँडलवर बसलेली माणसं म्हणजे मुख्यतः माईआत्या. अण्णांची ही थोरली बहीण. लग्न होऊन वर्षभरात विधवा झाली, आणि सासरी काही काळ काढून माहेरी आली ती कायमची. माझ्या आठवणीतली माईआत्या पन्नाशीच्या आसपासची, उंच, हाडापेराने भक्कम, नऊवारीचा पदर खोचलेली. घरात तिच्याइतका जोर कुणाच्याच मनगटात नव्हता. अण्णा दहा मिनिटं फिरवून "झालं वाटतं" म्हणायचे, तेव्हा ती त्यांना बाजूला सारून हँडल हातात घ्यायची, डब्याच्या झाकणाला कान लावायची आणि सांगायची, "अजून पाणी बोलून राह्यलं. दूध बोललं की सांगते." तिचा अंदाज कधीही चुकला नाही.

आणि ती ते आइस्क्रीम कधीही खात नसे. वाट्या मांडल्या की तिची वाटी नसायची, आणि ते इतकं सवयीचं झालं होतं की कुणाच्या लक्षातही यायचं नाही. ती खांबाला टेकून, फिरवून लाल झालेले तळवे पदराला पुसत आमच्याकडे बघत बसायची. माझं पहिलं चाटून झालं की विचारायची, "सांग, कसं लागते?" हे काम माझ्याकडे कधी आलं आठवत नाही. बहुधा बोलायला लागले तेव्हापासून. मी म्हणायचे, "थंड आणि गोड." ती म्हणायची, "ते तर मागच्या सालीही सांगितलं होतं." मग मी डोळे मिटून विचार करायचे, "दातांना लागतं," "नाकात जातं," असं काहीतरी सांगायचे, आणि ती मान डोलवायची.

ती का खात नाही याचं उत्तर घरात तयार होतं. "तिने काशीला बर्फ सोडलाय." त्या काळी काशीला जाऊन आलेलं माणूस गंगेच्या काठी एखादा आवडीचा पदार्थ कायमचा सोडून यायचं. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी वांगं सोडलं होतं, शेजारच्या काकूंनी पेरू. सासरच्यांनी माईआत्याला ती विधवा झाल्यावर काशीला नेलं, तेव्हा तिने बर्फ सोडला. मोठी माणसं एवढंच सांगायची. मला मात्र ते कधी पटलं नाही. आवडती गोष्ट सोडायची असते ना? मग तिने बर्फ आधी खाल्ला कधी? आमच्या गावात बर्फाचा कारखाना तर तिच्या काशीनंतर किती वर्षांनी आला. आईला विचारलं तर आई म्हणाली, "तुला नसत्या चौकश्या फार." खरं आहे. त्या चौकश्यांवरच मी पुढे तीस वर्षं मुलींना विज्ञान शिकवलं.

पण पहिली चौकशी मिठाची. बर्फ मुळात थंड, त्यात मीठ टाकल्यावर तो आणखी थंड कसा होतो? मीठ काही थंड नसतं. मी एकदा बरणीत हात घालून खात्री केली होती. अण्णांना विचारलं तर त्यांनी मिशीवरचं आइस्क्रीम पुसत सांगितलं, "मीठ बर्फाला वितळवतं. वितळायला ऊब लागते. ती ऊब तो दुधाकडून घेतो. दुधाची ऊब गेली की दूध गोठलं." मला हे उत्तर भयंकर आवडलं. म्हणजे आपण दुधाला थंडी देत नाही, त्याच्याकडून ऊब काढून घेतो! त्या दिवसापासून मी घरभर लोकांची ऊब काढून घेत हिंडले, ओले हात मानेवर ठेवून. आईने एकदा लाटणं उगारलं तेव्हा तो प्रयोग थांबला.

"मग बर्फ नव्हता तेव्हा लोक काय करायचे?" हा पुढचा प्रश्न. अण्णांना इतिहासाचा नाद होता आणि आमच्या गावात तो नाद लागायला काही करावं लागत नाही, दाराबाहेर पडलं की पुरे. ते म्हणाले, "इथे किल्ल्यात बादशहाचा मुक्काम असायचा. वैशाखात तापीकाठी काय ऊन असतं ते तुला ठाऊक आहे. हिमालयातला बर्फ इथवर कसा टिकणार? तर सोरा आणायचे, बंदुकीच्या दारूत घालतात तोच. तो पाण्यात ढवळायचा आणि त्यात सुरई फिरवत बसायचं. सुरईतलं पाणी गार व्हायचं. बर्फाशिवाय."

बर्फाशिवाय! मी वाटी तशीच ठेवून खांबाकडे बघितलं. माईआत्याही माझ्याकडेच बघत होती.

(आइस्क्रीम पहिल्यांदा कुणी केलं यावर माझी नात हल्ली मला मोबाइलवरून वाचून दाखवते. चिनी लोक म्हणतात आमचं, इराणी म्हणतात आमचं, इटलीवाले तर भांडायलाच उठतात. मला सगळ्यांचं खरं वाटतं. ऊन जिथे जिथे असह्य झालं असेल तिथे तिथे कुणीतरी हा उद्योग केला असणार. आणि ज्यांनी केला त्यांच्या हँडलवर कोण बसलं होतं, हे कुणीच लिहून ठेवलेलं नाही.)

त्या रात्रीच्या जेवणात मी विषय काढला. माईआत्याने बर्फ सोडलाय, थंड सोडलेलं नाही. बर्फाचा एक खडाही न लावता दूध गोठवलं तर ती खाऊ शकते की नाही? अण्णा खुश झाले, असले वाद त्यांना भातापेक्षा जास्त आवडायचे. ते म्हणाले, "तात्त्विक दृष्ट्या हरकत नाही." आई म्हणाली, "बाईमाणसाच्या नेमाशी खेळू नये." निकाल माईआत्यानेच द्यायचा होता. ती ताक पीत होती. ताक संपवून, पेला उलटा ठेवून ती म्हणाली, "बर्फाचा हात लागला नाही पायजे. मग पाहू." एवढंच. पण "नाही" म्हणाली नव्हती, आणि मला तेवढं पुष्कळ होतं.

मी तेव्हा आठवीत होते. पहिला प्रयोग बुऱ्हाणपूरच्याच पोरीला सुचावा असा केला. गावाभोवतीच्या जुन्या परकोटाच्या भिंतींना खाली पांढरा लोणा धरतो, क्षाराची भुकटी. कुणीतरी सांगितलं होतं की सोरा अशाच जुन्या भिंतींवर फुलतो. मग काय, शाळेतून येताना मी रोज कंपासपेटीतल्या पट्टीने परकोट खरवडायला लागले. चार दिवसांत डबाभर पांढरी भुकटी जमली. हौदापाशी बसून ती पाण्यात ढवळली. पाणी ढिम्म. गार तर नाहीच, वर चुन्याचा नि चारशे वर्षांच्या धुळीचा वास. माईआत्या कपडे वाळत घालत होती. ती तिकडूनच म्हणाली, "बादशहाची भिंत पाडून राह्यली का तू?" तिच्या आवाजात हसू होतं.

खरा सोरा शेवटी अण्णांनीच इतवाऱ्यातल्या मसाले-जडीबुटीवाल्या पंसाऱ्याकडून आणून दिला. तो पाण्यात टाकला आणि भांड्याला बाहेरून हात लावला तेव्हा मी किंचाळलेच. भर मे महिन्यात पितळी भांडं माठापेक्षा गार! त्यात पाण्याचा गडू अर्धा तास फिरवला आणि ते पाणी माईआत्याला दिलं. तिने ते एका दमात प्यायलं नाही, थोडं थोडं घोटून प्यायलं, आणि म्हणाली, "बादशहाची मजा होती बाई." पण दूध? दूध काही केल्या गोठेना. गार व्हायचं आणि तिथेच थांबायचं. सोरा संपत आला, सुट्टी संपली, पॉट माळ्यावर गेला. उरलेला सोरा मी बाटलीत भरून ठेवला.

दिवाळीच्या आधी भांड्यांना कल्हई करायला चाचा आले. मी नेहमीप्रमाणे त्यांच्या भात्यासमोर उकिडवी बसले. तापल्या पातेल्यात ते नवसागराची चिमूट टाकत, पांढरा धूर निघे, आणि त्यावर कथिल आरशासारखं पसरे. मी त्यांच्या डब्यातला एक खडा उचलून ओल्या तळव्यावर ठेवला आणि दचकले. तळवा गार पडला होता. चाचा हसले. "पानी में डाल के देख बेटा, हाथ सुन्न हो जाएगा. मगर मुँह में नहीं डालना, ये खाने की चीज नहीं है." मी त्यांना माईआत्याचं सगळं सांगितलं. चाचा भाता थांबवून ऐकत होते. जाताना त्यांनी कागदाच्या पुडीत बराचसा नवसागर बांधून माझ्या हातात दिला. म्हणाले, "बहनजी का रोजा खुल जाए तो बताना."

आता इथे मी माती खाल्ली. नवसागर भिजवायला मी जे भांडं घेतलं ते माईआत्याचं पूजेचं तांब्याचं घंगाळ. मोठं होतं, रिकामं होतं, मला दुसरं काही सुचलं नाही. पाणी गार झालं, पण दूध याही वेळी नुसतं गार होऊन थांबलं. शाळेची वेळ झाली म्हणून मी घंगाळ कोठीत पोत्यामागे ढकललं आणि विसरून गेले. ते सापडलं दुसऱ्या दिवशी, माईआत्याला. पाणी निळंशार झालं होतं, मोरपिसाच्या डोळ्यासारखं, आणि घंगाळाला आतून हिरवट निळे ओघळ आले होते. नवसागर तांब्याला खातो हे मला कुठे माहीत? कल्हई करणारे चाचा रोज त्याने भांडी साफ करतात, एवढंच मी पाहिलं होतं.

ती ओरडेल म्हणून मी कोठीच्या दारात उभी राहिले. ती ओरडली नाही. चिंच आणि राख घेऊन घंगाळ घासायला बसली आणि मलाही समोर बसवलं. बराच वेळ आम्ही दोघी घासत होतो.

मग ती म्हणाली, "एवढा आटापिटा कशाले करते? मले काही दुःख नाही बर्फाचं."

"पण तुला आवडतं ना? म्हणूनच सोडलंस ना?"

"आवडत होता तो आंबा." ती घासता घासता हसली. "सासूने गाडीत बसल्यापासून एकच धोशा लावला होता, घाटावर गेली की आंबा सोड म्हणे. विधवा बाईले जिभेचे चोचले कशाले. सोळा वर्षांची होते मी. नवरा गेला, बांगड्या गेल्या. आणि आता आंबाही द्यायचा? मोठ्या कोणत्या तरी टेशनावर गाडी थांबली, तिथं हमालांनी भुश्यातून काहीतरी काढलं. एवढी मोठी काचेची वीट, तिच्यातून धूर निघून राह्यला. मी सासऱ्याले विचारलं, हे काय? बर्फ, म्हणे. साहेबाच्या डब्यासाठी. हात लावून पाहावासा वाटला मले. पण गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी घाटावर पंड्याने विचारलं, बाई, काय सोडते? सासू तोंड उघडायच्या आधी मी म्हटलं, बर्फ. हातात पाणी घेऊन सोडूनही टाकलं."

मी आ वासून ऐकत होते. "मग सासू?"

"काय करते? गंगेत पाणी पडलं होतं." ती म्हणाली. "तेव्हापासून दर वर्षी मी आंबा खाते, साल चोखून खाते. कोणाच्या बापाची हिंमत नाही मले नाही म्हणायची. पण मग बर्फ खरंच सोडायले पायजे की नाही? मी बेइमानी केली तर आंबाही चोरीचा होईल. माझ्या जन्मात मी स्वतः केलेला सौदा तो एकच आहे पोरी."

घंगाळ पूर्वीसारखं लख्ख झालं नाही. तळाशी एक निळसर डाग राहिला, तो अजून आहे, आणि घंगाळ माझ्याकडे आहे. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मी इतके महिने भलत्याच गोष्टीची कीव करत होते. तिला काही मिळालं नाही असं मी समजत होते. तिने तर किंमत मोजून काहीतरी घेतलं होतं, आणि ती किंमत अजून दर उन्हाळ्यात हँडल फिरवून इमानाने देत होती. आता प्रयोग सोडून द्यावा असंही वाटलं. घासून झाल्यावर तिला तसं म्हणाले, तर ती हात धूत म्हणाली, "सोडू नको. बिनबर्फाचं होते का ते मले पाह्यचं आहे."

म्हणजे चौकश्यांचं हे खूळ माझ्यात कुठून आलं तेही त्या दिवशी कळलं.

संक्रांत झाली आणि कडाक्याची थंडी पडली. बुऱ्हाणपूरला थंडी चार दिवस येते, पण येते तेव्हा हौदाला हात लावत नाही कुणी. माईआत्याने आटवलेलं दूध साखर-वेलची घालून कुल्फीच्या पत्र्याच्या साच्यात भरलं आणि झाकणाच्या फटीला कणीक लावून ती पक्की बंद केली. पाण्याचा माठ आणि साचा दोन्ही गच्चीवर ठेवून दिले. पहाटे उठून बघितलं तर माठातलं पाणी बोटं बधिर करणारं. या वेळी भांडं माईआत्याने निवडलं. लोणच्याची रिकामी चिनी मातीची बरणी, भोवती जुनी गोधडी. नवसागर पुरेल असं वाटेना म्हणून मी बाटलीत उरलेला सोराही त्यात ओतला. निव्वळ कंजूषपणा होता तो, दुसरं डोकं काही लढवलेलं नव्हतं. पुढे कॉलेजात शिकले की हे दोन क्षार एकत्र विरघळवले तर एकेकट्यापेक्षा कितीतरी जास्त थंडी पडते. वर्गात हे शिकवताना मी मुलींना नेहमी सांगायचे, शोध लागायला हुशारी लागते असं नाही, कधी कधी डबा रिकामा करायची घाई पुरते.

माईआत्या साचा बरणीत फिरवत बसली, एकदा या बाजूला, एकदा त्या. बरणीच्या तोंडाशी दव धरलं. अर्ध्या तासाने तिने साचा कानाशी नेऊन हलवला. "पाणी बोलत नाही," ती हळूच म्हणाली.

तिने साचा बाहेर काढून स्वच्छ पाण्याने दोनदा धुतला, कणीक खरवडली आणि आतलं सगळं वाटीत काढलं. मध्ये पातळ होतं, पण कडेने घट्ट, पांढरी, बोटभर जाड कड धरली होती. बर्फाचा एकही खडा न लावता! मी अंगणात नाचायला लागले. अण्णा तोंडात दातून घेऊन धावत आले.

माईआत्या वाटीकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "हा बर्फच झाला की गं. दुधाचा."

मी नाचायची थांबले. इतके महिने आम्ही सगळ्यांनी बाहेरच्या बर्फाचा विचार केला होता, आतल्याचा कुणी केलाच नव्हता. गोठलं नसतं तर ते तिला चाललं असतं. जमलं, म्हणूनच चालत नव्हतं. अण्णांनी "तात्त्विक दृष्ट्या" म्हणून तोंड उघडलं आणि आईच्या नजरेने मिटलं. मला रडू आलं. माईआत्याने वाटी उचलून उन्हात ओट्यावर ठेवली. "रडते काय? वितळू दे. वितळलं की दूध. मग पिते."

ती वाटीपाशी बसून राहिली. कोवळं ऊन ते, त्याला काही घाई नव्हती. शेवटी सगळं पातळ दिसायला लागलं तेव्हा तिने वाटी तोंडाला लावली. एक घोट घेतला. दुसरा घेतला आणि थांबली. तिचा हात तसाच हवेत राहिला, गाल किंचित आत गेला.

"होता," ती म्हणाली.

"काय?"

"खडा. एवढासा. तळाशी राह्यला असन."

पस्तीस वर्षं सांभाळलेला तिचा एकुलता एक सौदा मी मोडला होता. ती उठली, वाटी धुऊन पालथी घातली आणि देवघरात गेली. संध्याकाळपर्यंत ती तिथून बाहेर आली नाही. मी शाळेत गेले नाही. दुपारी अण्णा जिनिंगमधून मुद्दाम घरी येऊन गेले आणि देवघराच्या दारात उभे राहून परत गेले.

संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर तिने मला हाक मारली. मी समोर जाऊन बसले, पायाच्या अंगठ्याकडे बघत.

"आज मी सांगते कसं लागते, तू ऐक," ती म्हणाली. "तू मले इतकी वर्षं खोटं सांगितलं. थंड आणि गोड म्हणे. दोन्ही एका वख्ती नसतेच. आधी नुसतं थंड. गोड नाही, दूध नाही, वेलची नाही, काहीच नाही. जीभ दारात उभी राह्यते. मग तो खडा जातो, आणि तो गेला की गोड येते. मी दिवसभर तेच आठवून राह्यली. बर्फ होता तोवर चव नव्हती. चव आली तेव्हा बर्फ नव्हता." ती थोडं पुढे झुकली. "म्हणजे बर्फ कोणी खातच नाही पोरी. तू नाही, तुझा बाप नाही, तो टेशनावरचा साहेबही नाही. गिळायच्या आधी त्याचं पाणी होते. गंगेने माझ्याकडून काय लिहून घेतलं मग?"

मी वर बघितलं. ती हसत नव्हती. गणित सुटलेल्या मुलीचा चेहरा मी पुढे वर्गात शेकडो वेळा पाहिला, तसा तिचा चेहरा झाला होता.

मी तेव्हापासून आजवर आइस्क्रीमचा प्रत्येक पहिला घास तिच्या पद्धतीने खाते, आधी काही नाही, मग सगळं. तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. थंडीत जिभेला गोड नीट कळत नाही, म्हणून तर आइस्क्रीमला इतकी साखर लागते. हे मी पुस्तकात वाचलं तेव्हा बी.एस्सी.ला होते. तिने ते एका खड्यावरून शोधून काढलं होतं. आता नात केळी गोठवून मिक्सरमध्ये फिरवते आणि पाच मिनिटांत म्हणते, "आजी, देखो, आइस्क्रीम रेडी!" चांगलं होतं ते, उगाच नावं ठेवणार नाही. पण त्या मिक्सरला कान लावून काही ऐकू येत नाही.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात पॉट उतरला. बादली हौदात फुगली. चाचांनी डब्याला कल्हई केली आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी खांदे उडवले, कारण मलाही ठाऊक नव्हतं. माईआत्या त्या संध्याकाळनंतर या विषयावर अवाक्षर बोलली नव्हती. अण्णांनी लादी आणली, तिनेच ती फोडली, तिनेच मीठ पेरलं, तिनेच दोन तास हँडल फिरवलं आणि कान लावून "दूध बोललं" म्हणून सांगितलं. आईने नेहमीप्रमाणे तीन वाट्या मांडल्या. अण्णांनी डब्याचं झाकण काढलं.

माईआत्या उठून आत गेली. मला वाटलं, झालं, संपलं. ती परत आली तेव्हा तिच्या हातात एक वाटी होती. ती तिने रांगेच्या शेवटी, माझ्या वाटीला लावून ठेवली आणि खांबापाशी न जाता आमच्यात मांडी घालून बसली.

अण्णांनी तिच्या वाटीत अर्धा डाव वाढला आणि ते थांबले.

"कंजूषी काय करतो रे?" माईआत्या म्हणाली. "भर वाटी. आंब्याचं आहे ना?"